सोडवून आणलेला मोठा कॅटफिश घरी सांभाळताना

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारले आहे. त्यांचे कार्यालय दुसऱ्या जागेत हलले, तेव्हा तिथल्या टाकीतला रेडटेल कॅटफिश कोणालाच नको होता, म्हणून त्यांनी तो घरी आणला. मासा साधारण १४ इंचांचा आहे. घरची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. माशाच्या तोंडाचे टोक काचेवर घासून सोलवटले आहे आणि सहा दिवस त्याने काही खाल्लेले नाही. ही टाकी पुरेल का, त्याला खायला काय द्यावे, आणि मोठा झाल्यावर खडकवासल्याच्या धरणात सोडला तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

थोडक्यात सांगायचे तर टाकी आज पुरेल, पण चार महिन्यांनी पुरणार नाही. सहा दिवसांच्या उपवासाची काळजी करू नये. धरणात मात्र हा मासा कधीही सोडू नये. गेली एकोणीस वर्षे मी लोकांनी नकोसे केलेले मोठे मासे आणतो, बरे करतो आणि त्यांना पुढची जागा शोधून देतो. त्या कामात जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते इथे सविस्तर लिहितो, कारण असे मासे आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही दिसू लागले आहेत.

रेडटेल हा दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉन, ओरिनोको आणि एसेकिबो या नद्यांच्या खोऱ्यांतला मासा आहे. पाठ काळसर, बाजूला रुंद पांढरा पट्टा, शेपटी लाल-केशरी आणि मिशा लांब, असे त्याचे देखणे रूप असल्यामुळे दुकानातले तीन इंचांचे पिल्लू पाहून कोणाचेही मन होते. मात्र हा मासा नदीत चार फुटांच्याही पुढे जातो. गळाला लागलेल्या रेडटेलांच्या नोंदींत ५० किलोंहून अधिक वजनाचे मासे आहेत. माणसाच्या ताब्यात नीट सांभाळलेला रेडटेल तीन ते चार फुटांचा होतो आणि १५ वर्षांहून अधिक जगतो. पहिल्या दीड-दोन वर्षांत तो महिन्याला सहज एक इंच वाढतो, कधी त्याहूनही अधिक. तुमचा १४ इंचांचा मासा म्हणजे अजून पोरच आहे. म्हणून तुमच्या टाकीकडे मी मुक्कामाची जागा म्हणून पाहतो, आणि मुक्कामाला मुदत असते. सोडवून आणलेल्या मोठ्या माशाच्या बाबतीत ही मुदत पहिल्याच आठवड्यात ठरवावी लागते, कारण ती ठरली नाही की मासा वाढत राहतो, माणूस ‘बघू’ म्हणत राहतो आणि वर्षभराने तोच मासा पुन्हा कोणालाही नकोसा होतो.

‘टाकी लहान असली की मासा तेवढाच राहतो’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, दुकानदार तर हमखास सांगतात. कोंडलेल्या माशाची वाढ मंदावते हे खरे आहे, पण ती साचलेल्या पाण्यामुळे, वळायला जागा नसल्यामुळे आणि सततच्या ताणामुळे मंदावते. असा मासा मोठा होण्याआधीच कण्यात वाकतो, त्याच्या मिशा झिजतात आणि तो लवकर मरतो. उलट बाजूने असेही सांगितले जाते की बाहेरचे शरीर थांबते, आतले अवयव मात्र वाढतच राहतात आणि मासा आतून फुटतो. यालाही काही आधार नाही. हा मासा दुर्दशेने मरतो, आणि ती दुर्दशा सांगण्यासाठी अतिशयोक्तीची गरज पडत नाही.

आता पाण्याविषयी, कारण सोडवून आणलेल्या माशांपैकी जे पहिल्या दोन दिवसांत मरतात, ते बहुतेक पाण्यामुळेच, आणि तेही घाण पाण्यामुळे नव्हे तर स्वच्छ पाण्यामुळे. माझ्या हातून एक फावड्यासारख्या तोंडाचा टायगर शॉव्हेलनोज कॅटफिश असाच गेला. दीड फुटाचा मासा होता, महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत कसाबसा तगून होता. मी त्याला आणले आणि आनंदाने निवळशंख ताज्या पाण्यात सोडले. दोन तासांत तो कल्ले भराभर हलवत पृष्ठभागाला आला आणि रात्रीतून गेला. कारण मला नंतर कळले. पाणी फार काळ बदलले नाही की त्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली जातो. आम्लधर्मी पाण्यात माशाने सोडलेला अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी घातक रूपात राहतो, आणि मासाही त्या पाण्यातल्या क्षारांना सरावलेला असतो. अशा माशाला वरच्या सामूच्या ताज्या पाण्यात एकदम सोडले, तर क्षारांचा धक्का बसतो. जुने पाणी आहे तसे ठेवून त्यात भरपूर ताजे पाणी ओतले, तर सामू चढताच साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

म्हणून जुन्या टाकीतले चाळीस-पन्नास लिटर पाणी माशाबरोबर आणावे, दोन्ही पाण्यांचा सामू मोजावा आणि फरक मोठा असेल तर चार-पाच दिवस रोज दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये. याला एक अपवाद आहे. मासा बंद पिशवीत किंवा बंद पिंपात चार-सहा तासांचा प्रवास करून आला असेल, तर आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरलेला असतो. झाकण उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि प्रवासात सोडलेला अमोनिया त्याच पाण्यात घातक होतो. तिथे थेंबथेंब नवे पाणी घालत तासभर वाट पाहणे चुकीचे आहे. तापमान जुळवून माशाला लवकर त्या पाण्याबाहेर काढणेच बरे. तुमचा मासा आठवडाभर टिकला आहे, म्हणजे हा टप्पा त्याने पार केला आहे. पुढच्या वेळी कोणी असा मासा आणायला निघाले, तर त्यांना हे आवर्जून सांगा.

पुण्याचे नळाचे पाणी माशांना मानवते, पण क्लोरिन काढूनच वापरावे. पावसाळ्यात महापालिका अनेकदा क्लोरिनचे प्रमाण वाढवते, त्यामुळे रोजच्या सवयीचा अँटीक्लोरिनचा, म्हणजे क्लोरिन काढणाऱ्या औषधाचा, हिशेब जुलै महिन्यात कमी पडू शकतो. मोठा ड्रम भरून त्यात एअर पंप चोवीस तास चालू ठेवणे ही माझी आवडती पद्धत आहे. सोसायटीत बोअरचे पाणी मिसळत असेल, तर ते बहुधा जड असते, आणि कोणत्या दिवशी किती मिसळले जाते हे वॉचमनला विचारून ठेवलेले बरे.

तोंडाच्या जखमेवर औषध घालण्याची घाई करू नये. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात. त्वचा उघडी असते आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर हेच तिचे संरक्षण असते. त्यामुळे तांब्याची औषधे, फॉर्मलिन, मॅलाकाइट ग्रीन यांचा बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस त्यांना बाधू शकतो, आणि द्यायचेच झाले तर निम्म्याने सुरुवात करून माशाकडे लक्ष ठेवावे लागते. काचेवर घासून सोलवटलेले तोंड स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरून येते. झिजलेल्या मिशा मुळापासून गेलेल्या नसतील तर त्याही पुन्हा वाढतात. जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, किंवा कडा लाल होऊन जखम पसरू लागली, तरच औषधाकडे वळावे. घासण्याचे कारण दूर केले नाही तर मात्र कोणत्याही औषधाचा उपयोग नाही. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा, वरचा दिवा आठवडाभर बंद ठेवा आणि आत मासा पूर्ण मावेल असा पीव्हीसी पाइपचा रुंद, उभा चिरलेला तुकडा पन्हाळीसारखा पालथा ठेवा. हा मासा संध्याकाळनंतर हिंडणारा आहे. दिवसा त्याला डोके लपवायला जागा मिळाली की काचेशी झगडणे कमी होते.

उपवासाचे म्हणाल, तर या आकाराचा निरोगी कॅटफिश दोन-तीन आठवडे न खाता राहू शकतो, आणि जागा बदलल्यावर तो तसे करतोही. रोज सकाळी घाबरून काहीतरी टाकायचे, ते त्याने न खाता कुजायचे, आणि कुजल्याने पाणी बिघडून त्याची भूक आणखी मरायची, हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे. दिवे मालवल्यावर तासाभराने कोळंबीचा एकच सोललेला तुकडा तळाशी ठेवा आणि सकाळी तो तसाच असेल तर काढून टाका. एकदा खाऊ लागला की त्याला तळाशी बसणाऱ्या गोळ्यांची, म्हणजे सिंकिंग पेलेटची, सवय लावणे हे तुमचे मुख्य काम. चांगल्या प्रतीच्या गोळ्यांत जीवनसत्त्वे असतात, आणि पुढे ज्याच्याकडे तो जाईल त्यालाही गोळ्या खाणारा मासा सांभाळणे सोपे जाते. जोडीला चिलापीचे काटे काढलेले तुकडे, कोळंबी, तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) गर असे आलटून पालटून द्यावे.

कोंबडीची काळजे आणि मटणाची चरबी देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशाला पचत नाही आणि त्याच्या यकृतात साठत जाते. जिवंत गोल्डफिश सोडून ‘शिकार’ दाखवणे हा तर दुहेरी अपराध आहे. त्या माशांबरोबर रोग येतात, शिवाय गोल्डफिशच्या मांसात थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि केवळ अशा खाण्यावर वाढलेला मासा काही महिन्यांत तोल जाऊन तिरका पोहू लागतो. १४ इंचांच्या माशाला आठवड्यातून तीनदा, पोट किंचित गोलसर दिसेल इतकेच द्यावे. दोन फुटांपुढे आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. रेडटेल मागतच राहतो, काचेजवळ येऊन तोंड उघडतो आणि घरातल्या लहान मुलांना ते फार आवडते, पण त्याच्या मागण्यावर प्रमाण ठरवायचे नसते.

प्रमाण कशावर ठरते, तर टाकीतल्या पाण्यावर. तुमच्या टाकीत काठोकाठ भरले तर २५५ लिटर पाणी मावते. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन असतो, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. त्यातला निम्मा माशाने वाढीसाठी वापरला असे धरले, तरी दीड ग्रॅम नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. २५५ लिटरमध्ये तो लिटरला सहा मिलिग्रॅम होतो. चाचणी संचात एक मिलिग्रॅमचा रंग दिसला तरी मी त्याच दिवशी पाणी बदलतो, यावरून सहाचा अर्थ लक्षात येईल. हा अमोनिया खाऊन त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि सिरॅमिक तुकड्यांवर वस्ती करतात, आणि नव्या फिल्टरवर ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कार्यालयातल्या टाकीचा जुना फिल्टर तुम्ही आणला असेल तर तुमचे निम्मे काम झाले. तो नळाखाली कधीही धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नसेल आणला, तर ओळखीच्या कोणाकडून चालू टाकीतला स्पंज मागून घ्या. तोपर्यंत अगदी थोडे खायला देऊन एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलत राहावे लागेल. काचेला आत अडकवायचा छोटा फिल्टर या माशाला पुरत नाही. टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, करून त्यात पाणी फिरवणे सर्वांत चांगले, आणि हीटरही त्या संपातच ठेवता येतो.

हीटर संपात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. रेडटेल तोंडात मावेल ती वस्तू गिळतो. तळाला खडे ठेवू नयेत, नुसती काच किंवा बारीक धुतलेली वाळू ठेवावी. सजावटीचे शिंपले, थर्मामीटर, रबरी चोषक यांपैकी काहीही आत राहू देऊ नये. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २० अंशांच्या आसपास उतरू शकते आणि या माशाला २४ ते २८ अंश हवे असतात, म्हणून हीटर टाळता येत नाही. टाकीवर झाकण असावे आणि झाकणावर वजन असावे. दचकलेला कॅटफिश शेपटीच्या एका फटक्यात बाहेर येतो. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप आधीच आणून ठेवा, कारण मोठा मासा आणि कमी पाणी असे असताना दोन-तीन तासांतच प्राणवायू कमी पडू लागतो.

मासा हलवायची वेळ तुमच्यावर पुन्हा येणार आहे, म्हणून ते कसे करावे हे एका प्रसंगातून सांगतो. नाशिकमध्ये एक खाणावळ बंद झाली आणि तिथला दोन फुटांचा रेडटेल आम्ही तिघांनी सोडवला. टाकी तीन फुटांची, मासा दोन फुटांचा. शेपटी कायमची डावीकडे वळलेली होती, कारण त्याला फक्त त्याच बाजूने वाटोळे होऊन बसता येत होते. निघण्याआधी तीन दिवस त्याला उपाशी ठेवायला सांगितले होते, नाहीतर प्रवासात मासा ओकतो आणि पाणी नासते. आधी टाकीतले पाणी वीतभर उरेपर्यंत उपसले. जाळी वापरली नाही. कॅटफिशच्या पाठीवरच्या आणि छातीच्या दोन्ही परांच्या पुढे जाड काटा असतो, घाबरला की तो हे काटे ताठ करून अडकवतो, आणि ते जाळीत गुंतले की काटा तरी मोडतो किंवा माणसाचा हात तरी फाटतो. आम्ही जाड प्लॅस्टिकचा कागद ओला करून त्याच्या पोटाखालून सरकवला, डोळ्यांवर ओले फडके टाकले आणि झोळीसारखा उचलला. त्याने परांचे काटे सांध्यात घासून लाकडावर लाकूड घासावे तसा करकर आवाज केला, दोनदा, आणि मग एकदम शांत झाला. दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात निम्मे पाणी, बॅटरीवरचा पंप आणि झाकणाला भोके, अशा तयारीने तो माझ्या एका मित्राच्या शेतावरच्या हौदात पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर हौदाच्या तळाशी अकरा खडे आणि हीटरचा एक रबरी चोषक पडला होता. हे सगळे तो किती महिने पोटात घेऊन होता कोणास ठाऊक. हौद पंधरा फूट लांब होता, तरी पहिले नऊ दिवस तो एका कोपऱ्यात तीन फुटांच्या घेऱ्यात डावीकडेच फिरत राहिला. दहाव्या दिवशी तो सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेला. कणा मात्र आजही वाकडाच आहे, तो सरळ होत नाही.

आता तुमच्या माशाच्या पुढच्या जागेविषयी. साधा नियम असा की टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीहून जास्त हवी, नाहीतर त्याला सरळ वळता येत नाही. साडेतीन फुटांच्या माशासाठी मी बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल ही किमान जागा मानतो. त्यात सहा हजार लिटरहून अधिक पाणी मावते, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन सहा टन. फ्लॅटच्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंचा वापरभार धरून बांधलेला असतो. तीन फूट खोल पाणी चौरस मीटरला ९०० किलोंहून अधिक भार देते. तिसऱ्या मजल्यावर ही टाकी उभी करणे हा विचारच सोडून द्यावा. तळमजला असेल आणि खाली भरावाची जमीन असेल, तरी स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून रेडटेलचे कायमचे घर बहुधा शेतावरच्या सिमेंटच्या हौदातच असते. नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा सामू फार वर जातो, त्यामुळे हौद भरायचा, आठवडाभर ठेवायचा, रिकामा करायचा, असे तीन-चार वेळा करून सामू स्थिर झाल्यावरच मासा सोडावा. मत्स्यशेतीत वापरतात ते ताडपत्रीचे बायोफ्लॉक टाके स्वस्त पडते, पण या माशाच्या काट्यांपुढे त्याचा भरवसा मला वाटत नाही. हौद उघड्यावर असेल तर नाशिक, पुणे, विदर्भ इथल्या हिवाळ्यात तो झाकावा आणि पाणी तापवण्याची सोय करावी. कोकणात ही अडचण फारशी येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हौदाचे जादा पाणी ओढ्याला, नाल्याला किंवा शेततळ्याला मिळता कामा नये, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला जाळी हवी. ‘मत्स्यालयाला देऊन टाकू’ असे अनेकांना वाटते, पण रेडटेल घेऊन येणारे तुम्ही पहिले नसता आणि अशा संस्थांकडे जागा क्वचितच असते. विचारून जरूर पाहावे, पण त्यावर विसंबून राहू नये.

खडकवासल्याचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून तितक्याच स्पष्टपणे उत्तर देतो. माशाला मोकळे केल्याचे समाधान मिळते, पण त्याचा भार धरण आणि नदी सोसतात. आपल्याकडे उजनीचे उदाहरण समोर आहे. ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून विकला जाणारा सकर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला प्लेको, उजनीच्या जलाशयात इतका माजला की मच्छीमारांच्या जाळ्यांत खाण्याच्या माशांऐवजी तोच अडकतो, आणि त्याच्या खरबरीत, काटेरी अंगामुळे जाळी कापावी लागते. केरळात २०१८ च्या महापुरानंतर नद्यांमध्ये अरापैमा आणि अ‍ॅलिगेटर गार असे परदेशी मासे सापडले, ते लोकांनी पाळलेल्या ठिकाणांहूनच वाहून आले होते. मुठेच्या खोऱ्यात आधीच महाशीरसारख्या मूळच्या माशांची अवस्था बिकट आहे. त्यांच्यात तोंडात मावेल ते गिळणारा, आणि मोठा झाल्यावर ज्याला खाणारे इथे कोणी नाही असा मासा सोडणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. देवळाच्या तळ्यात, शहरातल्या तलावात, विहिरीत सोडणेही त्याच हिशेबात येते.

रेडटेलसाठी जे लिहिले ते इतर मोठ्या कॅटफिशना बहुतांशी लागू पडते, पण तीन माशांबद्दल वेगळे सांगायला हवे. दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा चंदेरी मासा शार्क नसून मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास आहे. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. तो चार फुटांपर्यंत वाढतो, कळपाने राहतो, लांब पल्ल्याचे स्थलांतर करतो आणि सावली हलली तरी काचेवर जाऊन आपटतो. घरच्या टाकीसाठी याच्याइतका अयोग्य मासा मी पाहिलेला नाही, आणि एकटा पंगास घरी आणण्यापेक्षा थेट मोठ्या तळ्यात पोचवता येत असेल तरच हात घालावा, असे माझे मत आहे. सकर त्या मानाने सोपा. तो दीड फुटाचा होतो, सहा फुटांच्या टाकीत सुखाने राहतो, मात्र शेवाळावर जगेल असे समजू नये, त्याला काकडी, भोपळा आणि गोळ्या द्याव्या लागतात. तिसरा आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातलेली आहे. आपला देशी मांगूर फूटभरापुढे क्वचितच जातो, हा मात्र चार-पाच फुटांचा होतो. असा मासा कोणी आणून दिला तर तो सांभाळत बसू नका, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

एक शेवटची शक्यता लिहिणे जड जाते, पण ती टाळून हे उत्तर पुरे होणार नाही. कधी मासा इतका वाकलेला, फोडांनी भरलेला आणि खाणे सोडलेला येतो, की त्याला जगवणे म्हणजे त्याचे हाल लांबवणे ठरते. अशा वेळी माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने लवंग तेलाच्या मोठ्या मात्रेत त्याला शांतपणे निरोप देता येतो. तेल आधी थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून मिसळावे लागते, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही बराच वेळ माशाला त्याच पाण्यात ठेवावे लागते. हे मी चार वेळा केले आहे. फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा पाण्याबाहेर काढून ठेवणे ही क्रूरता आहे.

तुमच्या माशावर ती वेळ मुळीच आलेली नाही. तोंडाची जखम भरेल आणि येत्या आठवडाभरात तो खाऊ लागेल, असे वर्णनावरून वाटते. आज एवढे करा. टाकीच्या मागच्या काचेवर, तळापासून चार बोटे वर, बाहेरून १८ इंच लांबीची रंगीत पट्टी चिकटवा. मासा तळाशी सरळ पडून राहिला की ताबडतोब तुलना करता येते, त्याला धरून मोजावे लागत नाही. त्याचे नाक पट्टीच्या एका टोकाशी आणि शेपटी दुसऱ्या टोकाशी आली, म्हणजे त्याची लांबी टाकीच्या रुंदीइतकी झाली आणि मुदत संपली. मुळशी, भोर किंवा वेल्ह्याकडे ज्यांची शेती आहे आणि पाण्याची शाश्वती आहे, अशा नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करायला मात्र पट्टी भरायची वाट पाहू नका. हौद मिळून, चुना निघून, पाणी स्थिर व्हायलाच दोन महिने जातात.